सूत्र पाठ आहे, तरी गणित सुटत नाही: अंतर-वेग-वेळेच्या उदाहरणांची दुरुस्ती

माझ्याकडे कोथरूडला संध्याकाळी आठवी ते दहावीची मुलं गणिताला येतात. दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी कुणाची तरी आई एकच तक्रार घेऊन दारात उभी राहते. "काकू, बाकी सगळं येतं हो त्याला. ती गाड्यांची गणितं आली की वही मिटून बसतो." बावीस वर्षं हीच तक्रार ऐकते आहे. बिघाड साधारण पाच-सहा जागांपैकी एकीकडे असतो आणि पालक मात्र नेमके त्यात नसलेल्या सातव्या जागेकडेच बोट दाखवतात: "लक्षच नाही त्याचं."

म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तोच क्रम इथे देते. आधी फुकटातल्या तपासण्या, मग मेहनतीच्या. शिकवणी लावायच्या आधी निदान पहिल्या तीन घरी करून बघा.

लक्षणं

वहीत 'अंतर = वेग × वेळ' हे सूत्र सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, वर चौकटही केलेली, आणि खाली पान कोरं. हे सगळ्यात नेहमीचं.

दुसरं, उत्तर येतं पण ते माणसातलं नसतं. कुणी ताशी ७५ किलोमीटर चालतो, कुणी उणे अर्ध्या तासात पोचतो, आणि मूल खाली दुहेरी रेघ मारून मोकळं होतं. तिसरं, क्ष ची किंमत बरोबर आणि उत्तर चूक. चौथं, 'सरासरी वेग' हे शब्द दिसले की दोन वेगांची बेरीज करून दोनने भागणं.

पाचवं लक्षण फसवं आहे. एका सरावसंचातली एकाच प्रकारची दहा उदाहरणं मूल फटाफट सोडवतं आणि चाचणीत सरमिसळ झाली की एकही सुटत नाही. घरचे याला निष्काळजीपणा म्हणतात. तो नसतो. त्याचं कारण पुढे येईल.

सगळ्या तपासण्यांना एकच उदाहरण वापरू. मुलगी सकाळी ७ वाजता सायकलने शाळेला निघाली, वेग ताशी १२ किमी. डबा घरीच राहिला. ७ वाजून २० मिनिटांनी बाबा डबा घेऊन त्याच रस्त्याने स्कूटरवर निघाले, वेग ताशी ३६ किमी. बाबा तिला किती वाजता गाठतील? (कर्वे रस्त्यावर ताशी ३६ फक्त सकाळी सातलाच जमतं, म्हणून वेळ मुद्दाम ती घेतली आहे.)

तपासणी १: पुस्तक मिटून गोष्ट सांगायला लावा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. मुलाने उदाहरण एकदा मोठ्याने वाचायचं, पुस्तक पालथं ठेवायचं आणि काय झालं ते आपल्या भाषेत सांगायचं. आकडे विसरला तरी चालेल. आधी कोण निघालं, कोण कुणाच्या मागे आहे आणि शेवटी विचारलंय काय, एवढं आलं पाहिजे.

निम्म्या मुलांचा बिघाड इथेच सापडतो, कारण आपल्याकडे सेमी इंग्रजीची मुलं फार. घरी मराठी, इतिहास मराठीत, आणि गणित इंग्रजीत. 'ओव्हरटेक', 'अपस्ट्रीम', 'रिस्पेक्टिव्हली' हे शब्द ती वाचतात, पण त्यातून चित्र उभं राहत नाही. तेच उदाहरण मी मराठीत सांगितलं आणि मुलगा पटकन "म्हणजे बाबा मागून येऊन गाठणार" असं म्हणाला, तर त्याला गणित येतं, अडचण शब्दांची आहे. अशा मुलासाठी वहीच्या शेवटच्या पानावर पंधरा-वीस शब्दांची यादी करा. महिन्याभरात फरक पडतो.

मराठी माध्यमाच्या मुलांनाही हा त्रास आहे, फक्त वेगळ्या शब्दांचा. एका आठवीतल्या मुलीला मी विचारलं, पावणेदोन तास म्हणजे किती? तिने शांतपणे लिहिलं: २ तास ४५ मिनिटे. सव्वा, पाऊण, अडीच हे शब्द आता घड्याळातूनही गेले आहेत आणि मोबाईलवर तर कधी नव्हतेच. दीड आणि अडीच यांतला गोंधळ मी दहावीतही पाहिला आहे.

तपासणी २: मिनिटांचे तास कसे केले ते बघा

वहीत फक्त एकच गोष्ट शोधायची: १.२० असं काही लिहिलंय का. १ तास २० मिनिटांचे मुलं सर्रास १.२० तास करतात. पण ०.२० तास म्हणजे १२ मिनिटं. तासाचे भाग साठ, दशांशाचे शंभर. या एका चुकीने पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही उत्तर बिघडतं, आणि मुलाला वाटतं की आपल्याला 'ही गणितंच' येत नाहीत.

उपाय सोपा आहे. वेळ दशांशात लिहायचीच नाही. २० मिनिटे म्हणजे २०/६०, म्हणजे १/३ तास. ४५ मिनिटे म्हणजे ३/४. मी महिनाभर दशांशचिन्हावर बंदी घालते, मुलं कुरकुरतात, मग सवय होते.

किमी/तास आणि मीटर/सेकंदाचंही इथेच उरकून घ्या. एक किलोमीटर १००० मीटर, एक तास ३६०० सेकंद, म्हणून १०००/३६००, म्हणजे ५/१८. कधी ५/१८ ने गुणायचं आणि कधी १८/५ ने, हे पाठ करू नका. मीटर/सेकंदातला आकडा नेहमी लहान येतो, एवढं लक्षात ठेवा: ३६ चे १०, ७२ चे २०.

तपासणी ३: उत्तराकडे माणसासारखं बघा

चुकलेलं उत्तर खोडू नका. चूक कुठे आहे ते बहुतेकदा तेच सांगतं.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाने डब्याचं उदाहरण सोडवून दाखवलं. समीकरण होतं १२क्ष = ३६(क्ष − २०). त्यातून क्ष = ३०. त्याने लिहिलं, ३० तास, आणि अंतर १२ × ३० = ३६० किमी. मी म्हटलं, "अरे, ही शाळा बेळगावच्या पलीकडे आहे का?" तो हसला आणि मग वहीकडे बघत बसला. गंमत म्हणजे ३० हा आकडा बरोबरच होता, फक्त ती मिनिटं होती. त्याने २० मिनिटं मिनिटांतच ठेवली, म्हणून क्ष ही मिनिटांत आला. वेग मात्र तासाचा होता. समीकरणात तो दोन्ही बाजूंना असल्यामुळे भांडण झालं नाही. ते अंतर काढताना झालं.

त्याच उदाहरणात वेळ उणे आली, तर कोण आधी निघालं हे उलटं झालंय. बाबांचा वेळ क्ष + १/३ घेतला की क्ष = −१/२ येतो. जो उशिरा निघाला तो रस्त्यावर कमी वेळ असतो. मुलांना 'उशिरा' म्हटलं की अधिक करावंसं वाटतं, कारण घड्याळातला आकडा मोठा असतो. घड्याळातली वेळ आणि प्रवासाला लागलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत सुद्धा आपण 'ती वेळ' आणि 'तो वेळ' असा फरक करतो. हे सांगितलं की मुलं एकदम जागी होतात.

आणि उत्तर ७ वाजून १० मिनिटे आलं, तर क्ष बाबांचा घेतला होता आणि शेवटी तो मुलीच्या निघण्याच्या वेळेत मिळवला. बाबांना १० मिनिटं लागतात हे खरंच आहे, पण ते ७:२० ला निघाले. म्हणून 'क्ष मानू' एवढंच लिहिणं मी चालवून घेत नाही. पूर्ण वाक्य हवं: 'मुलीने सायकल चालवलेला वेळ क्ष तास मानू.' कुणाचा, कशाचा, कोणत्या एककात, तिन्ही. तिसऱ्या लक्षणावर एवढं एक औषध पुरतं.

अंदाजासाठी चार आकडे मुलाच्या डोक्यात असावेत. चालणारा माणूस ताशी ५, सायकल १२ ते १५, शहरातली स्कूटर ३० च्या आसपास. पुणे-मुंबई लोहमार्ग १९२ किमी आहे आणि डेक्कन क्वीनला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे तिची सरासरी ताशी ६० च्या जवळपास. उत्तर यांच्याशी ताडून बघायचं. ताळा करणं वेगळं. तो नंतर.

तपासणी ४: रेघ आणि तक्ता

इथून मेहनत सुरू होते. इथपर्यंत आलेल्या मुलांचा खरा बिघाड बहुतेक इथेच असतो.

मुलांना वाटतं, सूत्र म्हणजेच समीकरण. 'अंतर = वेग × वेळ' लिहिलं, आता यात आकडे घालायचे, पण घालायचे कुठे? माणसं दोन, वेग दोन, वेळा दोन. म्हणून पान कोरं राहतं. सूत्र हा नुसता पाना आहे, नट वेगळा असतो. समीकरण सूत्रातून येत नाही, ते गोष्टीतून येतं.

आधी एक आडवी रेघ मारा. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला भेटीची जागा. मुलीचा बाण, बाबांचा बाण. मग तीन रकान्यांचा तक्ता:

मुलगी: वेग १२, वेळ क्ष, अंतर १२क्ष
बाबा: वेग ३६, वेळ क्ष − १/३, अंतर ३६(क्ष − १/३)

भरण्याचा नियम असा. दोन रकाने गोष्टीतून भरायचे, तिसरा सूत्रातून. आणि समीकरण तिसऱ्या रकान्यातून निघतं. इथे दोघं एकाच घरातून निघून एकाच जागी भेटले, म्हणून अंतरं सारखी. १२क्ष = ३६क्ष − १२, २४क्ष = १२, क्ष = १/२. साडेसात वाजता, घरापासून ६ किमीवर. ताळा: बाबा १० मिनिटं चालवतात, ३६ × १/६ = ६. जुळलं.

तिसरा रकानाही गोष्टीतले आकडे चिकटवून भरायला मुलं बघतात. तिथे हात धरा. कोणता रकाना सूत्रातून भरला ते रंगीत पेनाने लिहायला लावा. फार साधी युक्ती आहे, पण मला याहून चांगली अजून सापडलेली नाही.

तपासणी ५: सारखं काय आहे?

तक्ता भरता येतो, पुढे अडतं, अशा मुलाला मी हाच प्रश्न विचारते. उत्तरं साधारण तीनच असतात: अंतर सारखं आहे, अंतरांची बेरीज ठाऊक आहे, किंवा वेळेतला फरक ठाऊक आहे.

हे काही माझं डोकं नाही. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत भास्कराचार्यांनी मोर आणि सापाचं उदाहरण दिलंय. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. साप बिळापासून २७ हातांवरून बिळाकडे येतोय, मोर तिरपी झेप घेतो, दोघांची गती सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? गती सारखी, वेळ सारखा, म्हणून दोघांनी कापलेलं अंतरही सारखं. एवढं सापडलं की बाकी पायथागोरस: बिळापासून १२ हात, दोघांचं अंतर १५-१५. मुलांना हे आवडतं. सापाला हळहळतात.

बेरजेचा प्रकार आपल्या मार्गावर बघा. पुण्याहून ७ वाजता एक गाडी ताशी ६४ ने मुंबईकडे निघाली, त्याच वेळी मुंबईहून एक मालगाडी ताशी ३२ ने पुण्याकडे. अंतर १९२ किमी. ६४क्ष + ३२क्ष = १९२, क्ष = २. नऊ वाजता भेट, मुंबईपासून ६४ किमीवर, म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये कुठेतरी. एका मुलाने लगेच हरकत घेतली, "पण काकू, पुण्याची गाडी घाटात ताशी ६४ ने कशी उतरेल? आणि मालगाडीला कर्जतला मागून इंजिनं लावतात, त्याचा वेळ?" हरकत शंभर टक्के खरी. उदाहरणातल्या गाडीला घाट नसतो, तिचा वेग एकसमान मानलेला असतो. पण असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाची काळजी करू नका.

आता त्या फसव्या पाचव्या लक्षणाचं. सरावसंचात दहाही उदाहरणं एकाच प्रकारची असली की प्रकार ओळखायचं काम पुस्तकच करून टाकतं, मुलाला फक्त आकडे बदलायचे असतात. चाचणीत ते काम त्याच्या अंगावर पडतं आणि त्याचा सरावच झालेला नसतो. उपाय: वेगवेगळ्या प्रकरणांतली बारा उदाहरणं घ्या आणि सोडवू नका. प्रत्येकासमोर फक्त 'सारखं', 'बेरीज' किंवा 'फरक' एवढं लिहायचं. पंधरा मिनिटांत होतं. आठवड्यातून दोनदा करा.

काही हट्टी जागा

सरासरी वेग: जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, तर सरासरी ५० नाही, ४८. अंतर दिलेलं नसेल तर ४० आणि ६० चा लसावि घ्या, १२०. जायला ३ तास, यायला २, एकूण २४० किमी ५ तासांत. हळू वेगावर आपण जास्त वेळ असतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते.

गाडी फलाट ओलांडते ते उदाहरण: पट्टी घ्या, वहीच्या कडेने सरकवा. पट्टीचं पुढचं टोक वहीपाशी आलं तिथून मोजायला सुरुवात, मागचं टोक वहीतून बाहेर पडलं की शेवट. पुढच्या टोकाने किती अंतर कापलं? वहीची लांबी अधिक पट्टीची लांबी. १५० मीटर गाडी, २५० मीटर फलाट, ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर, तर ४०० भागिले २०, २० सेकंद. हे एकदा हाताने केलेलं मूल पुन्हा २५० ला २० ने भागत नाही.

होडी आणि प्रवाह: प्रवाहाच्या जागी जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकातला सरकता जिना आठवायला सांगा. जिन्याच्या दिशेने चाललं तर वेगांची बेरीज, उलट चढलं तर वजाबाकी. बेरीज-वजाबाकी वेगांची, वेळेची नाही. (प्रत्यक्ष उलट चढायला लावू नका, रखवालदार ओरडतो.)

तपासणी ६: आता खरंच बीजगणित

तक्ता बरोबर, समीकरण बरोबर, आणि तरी अडलं, तरच इकडे या. एक गाडी १९२ किमी जाते. वेग ताशी १६ ने वाढवला तर १ तास कमी लागतो. मूळ वेग किती? मूळ वेग ताशी क्ष किमी मानू.

१९२/क्ष − १९२/(क्ष + १६) = १

मोठी वेळ आधी, लहान वजा. वेग कमी तिथे वेळ मोठी. हे उलटलं की उजवीकडे उणे एक हवं होतं आणि सगळं फिसकटतं. छेद काढले की क्ष² + १६क्ष − ३०७२ = ०, अवयव (क्ष + ६४)(क्ष − ४८), म्हणून क्ष = ४८ किंवा −६४. वेग उणे घेता येत नाही, ४८. ताळा: ४८ ने ४ तास, ६४ ने ३ तास.

इथे अडणाऱ्या मुलाला अंतर-वेगाची आणखी उदाहरणं देऊ नका. त्याला अपूर्णांकांचे छेद काढणं किंवा अवयव पाडणं येत नाही. ते वेगळं काढून, कोणतीही गोष्ट न जोडता शिकवा. गळती नळातून आहे की टाकीतून हे कळल्याशिवाय भिंत फोडू नये.

कुठे थांबायचं

घरी एका बैठकीला वीस मिनिटं. आवाज चढला की त्या दिवशी वही बंद. रडत शिकलेलं दुसऱ्या दिवशी राहत नाही आणि बापलेकांचं बिनसतं ते वेगळंच.

मूल नववीत आहे आणि १/२ + १/३ ला २/५ म्हणतंय, तर ही सगळी पोस्ट बाजूला ठेवा. सहावीचे अपूर्णांक शाळेतल्या शिक्षकांकडून किंवा एखाद्या जाणत्या माणसाकडून नीट करून घ्या. तोवर शाब्दिक उदाहरणं म्हणजे छळ.

तुम्ही वाचून दाखवलंत तर तोंडी सोडवतं, स्वतः वाचलं तर अडतं, असं आठवडाभर दिसलं तर आधी डोळे तपासा. माझ्याकडच्या एका मुलाचा 'गणिताचा प्रॉब्लेम' चष्म्याने गेला. तो फळ्यावरचा ३ आणि ८ अंदाजाने लिहून घ्यायचा. चष्म्याची अडचण नसेल, आणि मूल ओळी गाळत असेल, अंक उलटसुलट लिहीत असेल, पाढे वर्षानुवर्षं टिकतच नसतील, तर पुढचं काम तुमचं नाही आणि माझंही नाही. शाळेतल्या समुपदेशकांशी बोला, अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करून घ्या. गणिताच्या दिवशी सकाळी पोट दुखणं, उलटी होणं हे वारंवार होत असेल तरी तिकडेच जा.

अध्ययन अक्षमता निघालीच तर राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि ते हातात यायला वेळ जातो. शंका आठवीत आली असेल तर आठवीतच तपासून घ्या. दहावीचा अर्ज भरायच्या आठवड्यात रुग्णालयाच्या रांगेत उभे असलेले पालक मी दोनदा पाहिले आहेत.